डावीकडे पडणारी थाळी

दौलतभाऊ दुमाने खोटं बोलायचे. ज्या माणसाला मी इतकं मानतो त्याच्याबद्दल पहिलंच वाक्य असं लिहिताना हात अडखळतो. पण हे आधी सांगितलं नाही, तर पुढचं काहीच समजणार नाही.

धानोऱ्याच्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. मी मराठी शिकवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी गोंडपिपरीहून बदलून आलो होतो आणि बायको-मुलं तिकडेच होती. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक बुटका, रुंद खांद्यांचा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस माझ्यासमोर येऊन बसला. खिशातून चिंच काढून त्यानं अर्धी मला दिली आणि म्हणाला, "आता आयका मास्तर. काल हापशीवर पान्याले गेलो. मांगं पाहतो तं लाइनीत वाघ."

"वाघ?"

"वाघच ना जी. मी म्हटलं, बाप्पा, तुमचा नंबर माह्या मांगं हाय. तं बसला गुपचूप."

मी हादरलो. संध्याकाळी फोनच्या दुकानात जाऊन बायकोला सांगितलं की इथं हापशीवर वाघ येतो. ती बिचारी त्या रात्री झोपली नाही. दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट काळजीनं मुख्याध्यापकांना सांगितली, तर सगळी खोली हसली. "आता आयका म्हणाले होते ना?" एका बाईंनी विचारलं. "मग झालं तर. 'आता आयका' म्हणाले की पुढचं सोडून द्यायचं."

पुढं मलाही सवय झाली. त्यांच्या वडिलांनी वैनगंगेत धरलेला मासा आरमोरीच्या बाजारात आणला तेव्हा त्याची शेपटी अजून नदीतच होती, हे मी न हसता ऐकू लागलो. एका मंत्र्याला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. एका अस्वलाला त्यांनी शिट्टी वाजवून रांगेत उभं केलं होतं. हे सगळं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक रेष हलत नसे. मात्र खोट्यानं त्यांनी कधी कोणाचं काही घेतलं नाही. कोणी विटून म्हणालं, "काऊन इतकं फेकता दौलतभाऊ?" तर म्हणत, "फेकाचाच पगार घेतो ना बे."

ते खरंच होतं. गोळा, भाला, थाळी यांत आमच्या शाळेची मुलं जिल्ह्याला पुढं असायची. दौलतभाऊ आरमोरीकडच्या ढीवर घरातले. लहानपणापासून बोडीत, म्हणजे गावतळ्यात, उभं राहून फेकजाळं टाकलेलं. जाळं टाकताना कंबर आधी वळते, मग खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी मनगट सुटतं. तेव्हा जाळं हवेत गोल उघडतं. मुलांना ते थाळी असंच शिकवत. "जोर कशाले लावून राह्यला? जाळं उघडते का जोरानं? सोड त्याले."

एका वर्षी जवळच्या एका दवाखान्यात परदेशातलं एक तरुण जोडपं काही महिने काम करायला आलं होतं. दोघंही डॉक्टर. संध्याकाळी ते प्लास्टिकच्या रंगीत थाळ्या घेऊन आमच्या मैदानावर यायचे. त्यांच्या देशात या थाळ्यांचा एक खेळ असतो. रानातल्या वाटेवर उभं राहून दूरच्या लोखंडी टोपलीत थाळी टाकायची, कमीत कमी फेकीत. थाळ्याही निरनिराळ्या. जवळच्या फेकीची जाड असते, सरळ जाणारी निराळी, आणि लांब फेकायची तर रुंद, जवळजवळ धारदार कडेची. दौलतभाऊंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्या दोघांना मराठी. पण पहिल्या संध्याकाळी त्या डॉक्टरनं एक लांबची थाळी त्यांच्या हातात दिली, ती पकडून दाखवली, आणि दौलतभाऊंनी कंबर वळवली, खांदा वळवला, मनगट सोडलं.

थाळी मैदान ओलांडून, कुंपण ओलांडून, धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून, म्हणजे खाचरांवरून, गेली. जाताना आवाज नव्हता. आम्ही लोखंडी कडेची थाळी पाहिलेली. ती उडत नाही, ती पडायला निघालेली असते. ही चालत होती. वर गेली, क्षणभर उजवीकडे कलली, मग काही आठवल्यासारखी डावीकडे वळली आणि हळूच उतरली. त्या डॉक्टरनं डोक्याला हात लावला. दौलतभाऊ मात्र तोंड उघडं ठेवून नुसते उभे होते. त्यांना इतकं गप्प मी पहिल्यांदा पाहिलं.

जाताना विमानात वजन जास्त होतं म्हणून त्या दोघांनी सगळ्या थाळ्या त्यांना देऊन टाकल्या. जाड थाळ्या त्यांच्या घरी दुधावर झाकायला गेल्या. लांबच्या चार त्यांनी जिवापाड जपल्या आणि पुढची दोन वर्षं त्यांचा एकच उद्योग होता. कोणती थाळी कशी उडते ते पाहायचं.

मला आठवतं, धान कापून झालं की आम्ही दोघं बांध्यांत जायचो. ते फेकायचे, मी लांब उभा राहून कुठं पडते ते पाहायचो. अंतर बांध्यांत मोजायचं. आणि इथं मला पहिला धक्का बसला. हा माणूस थाळीच्या बाबतीत खोटं बोलत नव्हता. मी खूश करायला म्हणावं, "दौलतभाऊ, तिसऱ्या बांधीच्या पार गेली!" तर ते तिथून ओरडत, "काऊन खोटं बोलता मास्तर? धुऱ्याच्या आत पडली. मले दिसली ना." आणि चालत येऊन ती जागा पायानं दाखवत. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आतच असायची.

चारही थाळ्यांना नावं होती. हिरवीचं नाव तहसीलदार. ती सगळ्यात जड आणि टणक. "कशीबी फेका, कोनाची ओळख सांगा, शेवटी आपल्याच मनानं डावीकडे जाते." समोरून वारा आला तरी ती डगमगत नसे, फक्त वळायला जरा उशीर करी. मागून वारा असला तर आणखी लवकर वळे. पिवळी जावई. निघताना सरळ, मग थोडी रुसल्यासारखी उजवीकडे, आणि शेवटी न चुकता परत डावीकडे. पांढरी म्हातारी. वजनाला हलकी, हवेत तरंगत राहायची. मागून वारा असला तर सगळ्यांत लांब जायची, समोरून असला तर उलटी होऊन पडायची. निळी पुढारी. ती उजवीकडे वळली की वळली, परत येणं नाही.

"निळी पह्यले जावयासारखीच होती मास्तर," ते एकदा म्हणाले. "झाडावर आपटू आपटू अशी झाली. मार खाल्ला का थाळीचा स्वभाव बदलते. उजवीकडे पळते."

"मुलांचंही तसंच असेल."

"पोट्ट्याइले मार देल्ला का ते घरी पळतेत. थाळीची गोष्ट वायली हाय."

त्यांना उपमा आवडत नसत. आता आयका म्हणून अस्वल रांगेत उभं करणारा हा माणूस थाळीबद्दल बोलताना असा कोरडा होई की ऐकणारा कंटाळावा. वारा कुठून, सोडताना डावी कड किती खाली, कड किती घासलेली. एखादी फेक समजली नाही तर "मले नाई समजलं" असं स्वच्छ म्हणत. मी खरंच कंटाळायचो. पण एकट्या माणसाला संध्याकाळ घालवायला काहीतरी लागतं, आणि मी तसा एकटा होतो.

मग बांध्या त्यांना अपुऱ्या वाटू लागल्या. खेळ रानातला आहे तर रानातच खेळला पाहिजे. शाळेपासून काही अंतरावर मुरमाचा एक रस्ता जंगलातून पुढच्या गावाला जायचा. तिथं त्यांनी झाडं ठरवली. टोपल्यांऐवजी झाडं. एका टेकाडावरून समोरच्या मोहाच्या झाडावर थाळी मारायची. तो मोह रस्त्याच्या अगदी वळणावर होता. उजवीकडून रस्ता जायचा, डावीकडे साजाची, म्हणजे ऐनाची, दाट झाडी.

जंगलात थाळ्या हरवू लागल्या. पानगळीत पिवळी आणि पांढरी दिसते, हिरवी आणि निळी दिसत नाही. दौलतभाऊंनी पुढच्या गावात सांगून ठेवलं की माझी थाळी सापडली तर आणून द्या, बिस्किटाचा पुडा देईन. मोह वेचायला, सरपणाला, तेंदूपत्त्याला जंगलात जाणाऱ्या बाया आणि मुलं थाळ्या आणून देऊ लागली. यात सगळ्यात तरबेज होती सोनाबाई. पन्नाशीची गोंड बाई, सडसडीत, तोंडानं तिखट. तो वळणावरचा मोह तिच्याच घराण्याचा. त्याची फुलं तीच वेचायची.

ती थाळी डोक्यावर घेऊन शाळेत येई आणि खाली न उतरवताच बोले.

"बिस्कुट नोको सर. माह्ये दात नाई. चायपत्ती द्या."

"एका थाळीची चायपत्ती?"

"तं साखर बी द्या."

"सोनाबाई, तू लुटून राह्यली मले."

"तुमी सांगतले का वाघाले लाइनीत बसोलो म्हनून. मंग वाघालेच सांगा ना थाळी आनाले."

सगळी शाळा खिडकीत येऊन ऐकायची. दौलतभाऊ घरून पुडी आणून द्यायचे. हळूहळू त्या गावात असं झालं की जंगलात काही गोल दिसलं की कोणीही म्हणायचं, सरची थाळी असेल, उचल. एकदा कोणी मातीच्या मडक्याच्या तळाची मोडकी खापरी आणली होती, एकदा गाडीच्या चाकाचं झाकण. दौलतभाऊंनी त्यालाही बिस्किटं दिली. आम्ही हसलो. मी तर सगळ्यांत जास्त.

एप्रिल संपत आला होता. तेंदूपत्त्याचे दिवस. एका शनिवारी संध्याकाळी हिरवी हरवली. टेकाडावरून फेकली, मागून वारा होता, मोहाच्या अलीकडेच ती डावीकडे वळून साजाच्या झाडीत शिरली. अंधार पडेपर्यंत सापडली नाही. रविवारी सकाळी शाळेला सुट्टीच होती, म्हणून आम्ही दोघं पुन्हा निघालो. टेकाड उतरत होतो तेव्हा समोरून सोनाबाई आली. डोक्यावर तेंदूच्या पानांचं गाठोडं. ती मोहाच्या वळणावर थांबली आणि ओरडली, "सर, तुमची हिरवी सापडली जी!"

"कुठी हाय?"

"हे काय, रस्त्यात. मातीत फसली. काडतो."

आम्हाला लांबून मुरमातून वर आलेली हिरवट गोल कड दिसत होती. मला आनंद झाला, कारण आता झाडीत शोधावं लागणार नव्हतं. दौलतभाऊ दोन पावलं पुढं गेले आणि थांबले.

"ते माही नाई," ते म्हणाले.

"हिरवीच तर आहे," मी म्हणालो.

"रस्ता उजवीकडे हाय मास्तर. हिरवी उजवीकडे जात नाई." मग मोठ्यानं, "सोनाबाई, हात नोको लावू. ते माही नाई!"

सोनाबाईनं गाठोडं खाली ठेवलं होतं. ती कमरेवर हात ठेवून हसली. "चायपत्ती द्याची नाई म्हनून माही नाई म्हंता? लबाड सर!"

मलाही हसू आलं. ते मी इथं लिहून ठेवतो. मला वाटलं, दौलतभाऊंची नवी गंमत सुरू झाली. मी म्हणालोसुद्धा, "माकडानं नेऊन टाकली असेल रस्त्यावर."

"माकड नेते तं अर्धी पुरते का जमिनीत?"

हे वाक्य ते माझ्याकडे न बघता, अगदी हळू बोलले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. धानोऱ्याकडे राहणाऱ्या माणसाला रस्त्यात पुरलेल्या गोल वस्तूचा अर्थ, सुरुंग, सांगावा लागत नसे. तो सगळ्यांना माहीत होता. फक्त या गावात दोन वर्षांपासून गोल वस्तूचा एक दुसरा, हसरा अर्थ झाला होता.

"सोनाबाई!" ते ओरडले. "मायची शपथ, ते थाळी नोहे! मांगं सरक!"

"बुढी कवाचीच मेली तुमची, तिची शपथ खाता?" तिनं पदर खोचला आणि वाकली. तिचा हात त्या कडेपासून वीतभर लांब होता. आम्ही पळत पोहोचू इतका वेळ नव्हता.

दौलतभाऊ त्या क्षणी वेगळ्याच आवाजात किंचाळले, "नाग! सोनाबाई, पायाजवळ नाग! डोम्या!"

ती बाई अशी मागं उडाली की गाठोड्यावर आपटली. तिथून चार पायांवर सरकत सरकत रस्त्याच्या कडेला गेली, उठली आणि आमच्याकडे पळत आली. "कुठी गेला? कुठी गेला जी?" दौलतभाऊंनी तिचं मनगट असं धरलं की तिच्या बांगड्या फुटल्या. मीच म्हणालो, "नाग नव्हता बाई."

"मंग लबाडच हाय हा मानूस," ती म्हणाली आणि खाली बसली. पण तिचे डोळे आता त्या हिरवट कडेवर होते, आणि तिला समजलं होतं.

कोणी पुरलं होतं, कोणासाठी पुरलं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. त्या काळात आमच्याकडे हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नसे. आम्ही रस्ता दोन्हीकडून अडवून बसलो. ठाण्यात निरोप पाठवला. दुपारी पोलीस आले, मग सुरुंगांचं पथक आलं. आम्हाला टेकाडाच्या मागं बसवलं आणि सुरुंग तिथंच उडवला. जमीन आधी हलली आणि आवाज मागून आला, असं मला वाटलं. डोळे उघडले तेव्हा साजाच्या झाडांवरून पानं आणि मुरूम पडतच होता. सोनाबाईच्या मोहाचा अर्धा भाग नव्हता. उरलेल्या अर्ध्यावर पक्षी नव्हता, पान नव्हतं. ती त्या झाडाकडे बघत कितीतरी वेळ पदर तोंडात धरून उभी होती. मला कानात काही ऐकू येत नव्हतं, पण तिचे ओठ हलत होते. ती गोंडीत झाडाशी काहीतरी बोलत असावी.

दोन दिवसांनी एक तरुण पोलीस अधिकारी शाळेत आले. पुण्याकडचे, शांत, मऊ बोलणारे.

"सर, ती तुमची थाळी नाही हे तुम्हाला इतक्या लांबून कसं कळलं?"

"उजवीकडे होती साहेब."

"म्हणजे?"

दौलतभाऊंनी सांगितलं. अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी खाली पाहिलं, कारण या माणसाची ख्याती त्यांना माहीत होती. मला वाटलं, आता हे अडकले. आयुष्यभर अस्वल आणि वाघ रांगेत उभे केले, आता खरं कोण मानणार? मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, थाळीबद्दल ते खोटं बोलत नाहीत." ते वाक्य माझ्याच कानाला विचित्र वाटलं.

"मग फेकून दाखवा," अधिकारी म्हणाले.

आम्ही सगळे मैदानावर गेलो. दौलतभाऊंनी वाऱ्याकडे तोंड केलं. "पिवळी. जांभळाच्या झाडाच्या उजवीकडून जाईन, वापस येईन, बुडाशी पडन." फेकली. बुडाशी नाही, हातभर अलीकडे पडली. "निळी. ते आता तुमच्या जीपकडे येईन, सरका जरा." हवालदार सरकला आणि निळी जीपच्या टपावर येऊन आदळली. "पांढरी. वारा समोरून हाय, उलटन." ती उलटली. मुलं टाळ्या वाजवू लागली. अधिकारीही हसले. त्यांनी स्वतः एक फेकून पाहिली, ती थेट मुलींच्या संडासाच्या छपरावर गेली, आणि मैदानावर पहिल्यांदाच मोकळं हसू फुटलं. मीही हसलो. वाटलं, संपलं.

अधिकाऱ्यांनी पिवळी थाळी हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं, आणि तशाच मऊ आवाजात म्हणाले, "सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण एक विचारू? जंगलात काही गोल दिसलं की उचलायचं, ही सवय या लोकांना लागली कशी?"

दौलतभाऊंचा चेहरा मी पाहत होतो. त्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथंच राहिलं, पण त्याच्या मागं कोणी नव्हतं. त्या सकाळपासून त्यांना हे सुचलंच नव्हतं, आणि मलाही नाही. आम्ही दोघं याच अभिमानात होतो की हिरवी उजवीकडे जात नाही हे ओळखून त्यांनी एका बाईचा जीव वाचवला. तिचा हात तिथवर नेला कोणी, हे एका परक्या माणसाला दाखवावं लागलं.

त्यानंतर मी त्यांच्या तोंडून "आता आयका" ऐकलं नाही.

ते रोज संध्याकाळी त्या गावात जाऊ लागले. दारोदार सांगायचे, काही गोल दिसलं तर उचलू नका, मला सांगा. लोक मान हलवायचे. मुलं मात्र एकमेकांना कोपरं मारायची. एका बाईनं माझ्यासमोर म्हटलं, "बिस्कुटं सरले वाटते सरचे." मोहाचं झाड अर्धं झालं होतं, स्फोट सगळ्यांनी ऐकला होता, तरी दोन वर्षांची सवय आणि पंधरा वर्षांची थट्टा आडवी येत होती. परतताना एकदा दौलतभाऊ म्हणाले, "खरं बोलाले बसलो अन् तोंडच नाई राह्यलं माह्यापाशी."

मग एका रविवारी त्यांनी सगळ्या गावाला चिंचेखाली बोलावलं. समोर लाकडाचा ओंडका, हातात कुऱ्हाड, आणि पिशवीत थाळ्या. घरातल्या दुधावर झाकायच्या जाड थाळ्यासुद्धा आणल्या होत्या. काय होणार हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पांढरी ओंडक्यावर ठेवली आणि घाव घातला. ते प्लास्टिक चिवट होतं, कुऱ्हाड घसरली. दुसऱ्या घावाला म्हातारीचे दोन तुकडे झाले. मग निळी. मग पिवळी. पिवळीला बराच वेळ लागला. मला मध्येच ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचा मला काय अधिकार होता. मी नुसता संध्याकाळ घालवणारा माणूस. सगळे तुकडे त्यांनी एका घमेल्यात जमा केले आणि ते घमेलं लोकांसमोर धरलं.

"पाहून घ्या. आता माही थाळी नाई. एकबी नाई. जंगलात गोल दिसलं तं ते माहं नाई. ते मरन हाय."

पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. सोनाबाई पुढं बसली होती. ती घमेल्यात वाकून बघत होती. रंग बघत होती.

"अन् हिरवी?" ती म्हणाली.

दौलतभाऊंनी घमेल्यात पाहिलं.

"हिरवी तं आतमंदीच हाय ना सर. कोनाले दिसली तं? कोनी म्हनन, हे सरची हिरवी हाय, अन् उचलन."

तिनं हे टोमण्यानं म्हटलं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. घमेलं धरलेले त्यांचे हात खाली आले.

"ते मी शोधतो," ते म्हणाले.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघं साजाच्या झाडीत फिरलो. काठीनं पानं उलटायची, दगड बघायचे, पुढं जायचं. पाऊस आला, गवत वाढलं, गवत वाळलं. थाळी कुठंतरी खोल पानांत गेली असावी, किंवा फांदीच्या बेचक्यात अडकली असावी. मी एकदा म्हणालो, "एक तरी थाळी ठेवायला हवी होती दौलतभाऊ. टेकाडावरून तशीच फेकून पाहिली असती, तर जागा कळली असती. पिवळीपेक्षा हिरवी किती आधी वळते ते तुम्हाला माहीत होतं."

"ठेवली असती तं सोनाबाईनं मानलं असतं का?"

मी काठीनं पुढची पानं उलटली. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मी निघालो त्या दिवशी ते बसस्थानकावर आले, चिंच दिली, आणि "जा" एवढंच म्हणाले. मी पत्र लिहीन म्हणालो होतो. लिहिलं नाही. का लिहिलं नाही याची कारणं मी स्वतःला अनेकदा सांगितली आहेत, त्यातलं एकही मला पटत नाही. मुलं मोठी झाली, घर बांधलं, असं सगळं.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला त्या बाजूला जाणं झालं. मुरमाचा रस्ता डांबरी झाला होता आणि त्यावरून बस जाऊ लागली होती. मोहाच्या वळणावर कोणाला उतरायचं होतं म्हणून बस थांबली. उरलेला अर्धा मोह उभा होता, त्याला पानं होती. मी सहज टेकाडाकडे पाहिलं.

दौलतभाऊ तिथं उभे होते. केस पिकलेले, गळ्यात शिट्टी नाही. हात रिकामा. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांची कंबर वळली, मग खांदा, मग कोपर, आणि मनगट सुटलं. हातातून काहीच गेलं नाही. पण त्यांची मान वर झाली आणि आकाशात काहीतरी जाताना बघत राहिली. थोडा वेळ सरळ. मग सावकाश डावीकडे, आणखी डावीकडे, खाली. मान थांबली. त्यांनी पायाशी पडलेली काठी उचलली, टेकाड उतरले, आणि बरोबर त्या जागेकडे साजाच्या झाडीत शिरले.

माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण पोरगा बसला होता. त्यानं माझी नजर पाहिली.

"सर होते म्हंतेत ते," तो म्हणाला. "हप्त्यात दोन-तीनदा येतेत इथी. हिरवी थाळी हरपली म्हंतेत जंगलात."

"अजून सापडली नाही?"

"असन तं सापडन ना जी!" तो हसला. "भल्ला फेकू होता म्हंतेत बुढा. थाळीगिळी काई नाई तिथी."

"आहे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. कंडक्टरनं विचारलं, "उतरता का जी?" मी उठलो होतो, एक हात वरच्या दांडीला होता. झाडीत पानांचा आवाज येत होता, काठीनं उलटलेल्या पानांचा, थोडं थांबून पुन्हा. "डावीकडे पडली आहे ती," मी त्या पोराला म्हणालो, "मी होतो तिथं." त्यानं मान हलवली, जशी म्हाताऱ्या माणसांसमोर हलवतात तशी. कंडक्टरनं घंटी मारली. बस निघाली, आणि वळण संपेपर्यंत मला साजाच्या खोडांमधून त्यांची वाकलेली पाठ दिसत होती.